पहिल्या फुलावर न थांबता सगळी फुले मोजल्याबद्दल: प्राध्यापक डेव्हिड इनोये यांना आभारपत्र

आदरणीय इनोये सर,

सादर नमस्कार.

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या गॉथिक इथे, सुमारे २,९०० मीटर उंचीवरच्या कुरणांत, १९७३ साली तुम्ही दोन मीटर बाय दोन मीटरचे चौकोन आखले. बर्फ वितळल्यापासून हंगाम सरेपर्यंत, दिवसाआड, प्रत्येक चौकोनातल्या प्रत्येक प्रजातीची उमललेली फुले मोजायची, एवढेच काम. ते तुम्ही थांबू दिले नाही. सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या खडकाच्या सपाट पठारांवर, पावसाळी फुलांच्या नोंदी ठेवणाऱ्या आम्हा मंडळींना या कामाचा थेट उपयोग होतो, म्हणून हे पत्र. ते मराठीत आणि उघडपणे लिहितो आहोत, कारण इथे नव्याने नोंदी सुरू करणाऱ्यांच्याही ते हाती पडावे.

सर्वांत मोठे आभार एका गोष्टीसाठी. ‘यंदा पहिले फूल कधी दिसले’ ही नोंद सोपी असते, म्हणून जगभर तीच जास्त ठेवली जाते. तिच्यातला धोका तुम्ही अब्राहम मिलर-रशिंग आणि रिचर्ड प्रायमॅक यांच्यासह २००८ साली नीट मांडलात. एखाद्या जागी हजार रोपे असली, तर त्यांत दोनचार तरी घाईने फुलणारी निघतातच. तिथे पन्नासच उरली, तर ती घाईची रोपे बहुधा नसतात आणि पहिले फूल उशिरा दिसते. फुलण्याचा काळ तसूभरही हललेला नसतो, रोपे मात्र कमी झालेली असतात. त्यात आठवड्यातून एकदाच फेरी असेल, तर ‘पहिले फूल’ म्हणजे प्रत्यक्षात ‘आपण गेलो तो दिवस’. पहिले, भर बहराचे आणि शेवटचे फूल असे तिन्ही हाती असेल, तरच काय बदलले ते कळते.

तुमच्या नोंदींनी ते दाखवूनही दिले. पॉल कॅराडोना आणि एमी आयलर यांच्यासह तुम्ही २०१४ साली ३९ वर्षांचे आकडे मांडले: ६० प्रजाती आणि वीस लाखांहून अधिक फुले. कुरणाचा फुलांचा हंगाम ३५ दिवसांनी लांबला होता. पण पहिले, भर बहराचे आणि शेवटचे फूल एकाच दिशेने सरकले, अशा प्रजाती थोड्याच निघाल्या. बऱ्याच प्रजातींत सुरुवात एकीकडे गेली आणि शेवट दुसरीकडे, तर काहींचा बहरच पसरट झाला. हंगाम लांबला म्हणजे मधमाश्यांची चंगळ, असेही नाही. त्याच कुरणांत मधल्या काळात फुलांचा तुटवडा पडू लागल्याचे तुमच्या सहकाऱ्यांसोबतच्या २०११च्या अभ्यासात आले होते. भुंगमाशीच्या (बंबलबी) वसाहतीला वसंतापासून उन्हाळाअखेरपर्यंत सलग खाद्य लागते. मध्ये पडलेली खोट पुढच्या फुलांनी भरून निघत नाही.

हेलियांथेला या सूर्यफुलाच्या कुळातल्या झाडाची नोंद तर आम्ही विद्यार्थ्यांना हटकून समजावतो. बर्फ लवकर वितळला की त्याच्या कळ्या लवकर धरतात. शेवटचे कडक, गोठवणारे दहिवर मात्र पूर्वीसारखेच जूनमध्ये पडते. म्हणजे हवा उबदार होत असताना कळ्या थंडीने मरतात. १९९२ ते १९९८ या काळात सरासरी ३६.१ टक्के कळ्या दहिवराने गेल्या, १९९९ ते २००६ मध्ये ७३.९ टक्के. झाड कित्येक दशके जगणारे, त्यामुळे कुरणाकडे पाहून काही बिघडले आहे असे वाटतही नाही. बी धरत नाही, नवी रोपे येत नाहीत, आणि हे कळते ते फक्त फुले मोजणाऱ्याला. या झाडाच्या कळ्यांभोवती पाझरणाऱ्या मधुरसावर मुंग्या येतात आणि बी पोखरणाऱ्या माश्यांना हुसकावतात, हेही तुम्हीच १९७९ साली दाखवले होते. कळीच करपली की तोही व्यवहार थांबतो.

मेक्सिकोकडून येणाऱ्या रुंदशेपटी गुंजन पक्ष्याचे (हमिंगबर्ड) आणि बर्फाच्या कडेने उगवणाऱ्या ग्लेशियर लिलीचे असेच. १९७०च्या दशकाच्या तुलनेत लिली सतरा दिवस आधी फुलू लागली. तिचा मधुरस घेणारा हा पक्षी मात्र तितक्या वेगाने आधी येत नाही. मॉर्मन फ्रिटिलरी फुलपाखराची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. लवकर वितळलेल्या बर्फामुळे एरिजेरॉन या रानफुलाच्या कळ्या गोठतात, माद्यांना मधुरस कमी मिळतो आणि अंडी कमी पडतात. शिवाय पुढच्या वर्षी बर्फ लवकर गेला, तर अळ्याही थंडीत सापडतात. कॅरोल बॉग्ज यांच्यासह तुम्ही हा दोन वर्षांत पसरलेला परिणाम उलगडलात. एका वर्षाचे आकडे घेऊन बसलेल्याला तो दिसलाच नसता.

आता सड्याविषयी. आमच्याकडे बर्फ नाही. पहिला जोरदार पाऊस, मधली उघडीप आणि परतीचा पाऊस या आमच्या खुणा. पण चौकोन तुमचाच घेतो. दोन मीटरच्या चौकोनाचा फायदा असा की कडेला बसून चारही बाजूंनी हात मधोमध पोचतो, आत पाय ठेवावा लागत नाही. सड्यावर माती काही सेंटीमीटरच असते, त्यामुळे पायाखाली रोपांसोबत मातीही जाते. जांभ्यात खुंट ठोकता येत नाही आणि रंगाची खूण शेवाळाखाली हरवते. म्हणून चार कोपऱ्यांत बारीक छिद्रे पाडून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू बसवायचे आणि मोजताना त्यांना सुतळी ताणायची. मधून आणखी दोन सुतळ्या नेल्या की एकेक मीटरचे चार भाग होतात आणि तेच फूल दोनदा मोजले जात नाही. कास किंवा अन्य राखीव वनात यातले काहीही करण्याआधी वनविभागाची परवानगी हवी.

घोटाळा सर्वांत जास्त होतो तो ‘एक फूल’ कशाला म्हणायचे यात. सोनकी आणि गेंद यांचा अख्खा गुच्छ एक धरायचा, कवल्याचे प्रत्येक फूल वेगळे. सीतेची आसवे दाट असली, तर पंचवीस सेंटीमीटरच्या चौकटीत मोजून गुणाकार करायचा आणि तो अंदाज आहे हे त्याच ओळीत लिहायचे. हे एकक पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले नाही, तर माणूस बदलला की आकडे दुप्पट किंवा निम्मे होतात आणि तो बदल हवामानाचा वाटू लागतो. वेळही ठरलेली हवी: केना सकाळी उमलतो आणि दुपारपर्यंत मिटतो, तेव्हा सकाळची आणि दुपारची मोजणी एका रकान्यात बसत नाही. फूल नसेल त्या दिवशी शून्य लिहायचेच. कोरी जागा म्हणजे ‘नव्हते’ की ‘गेलो नाही’, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. आणि चौकोनात यंदा काही फुलले नाही म्हणून तो शेजारच्या बहरलेल्या जागी हलवायचा नाही. हा मोह आवरला नाही, तर आधीची सगळी वर्षे फुकट गेली.

परागवाहकांची पाहणी वेगळ्या कागदावर. एका झुबक्यासमोर दहा मिनिटे बसायचे, समोर किती फुले आहेत ते आधी लिहायचे, मग आग्या आणि सातेरी मधमाश्या, निळ्या पट्ट्यांची माशी, फुलपाखरू यांच्या भेटी. भेटींना फुलांच्या आकड्याने भागले नाही तर त्यांना अर्थ नाही: माश्या वाढल्या, की फुले घटल्यामुळे त्या उरलेल्या फुलांवर गोळा झाल्या? इथेही तुमचा १९८०चा लेख कामाला येतो. पाकळीला बाहेरून भोक पाडून रस नेणारा आणि फुलाच्या तोंडातून शिरूनही परागांना न शिवणारा, हे दोन्ही तुम्ही वेगळे केलेत. या दोघांच्या भेटी परागीभवनात धरल्या, तर हिशेब फुगतो.

बिली बार यांचेही आभार आमच्या वतीने त्यांना पोचवा. त्यांनी गॉथिकमध्ये हिवाळ्यामागून हिवाळे बर्फाची रोजची नोंद ठेवली नसती, तर फुलांचे आकडे कशाशी ताडायचे हा प्रश्नच होता. सड्यावर त्यांच्या जागी पर्जन्यमापक हवा, आणि तो तालुक्याच्या गावचा नको, सड्यावरचाच. घाटमाथ्यावर काही किलोमीटरमध्ये पाऊस कितीतरी बदलतो.

आकडे तुम्ही इतर अभ्यासकांना खुले केलेत आणि मोजणी कॅराडोना व आयलर यांच्या हाती सोपवलीत, याचे मोल इथे विशेष जाणवते. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. तीन वर्षांचा प्रकल्प तिला गाठण्याची शक्यता निम्मीही नाही, आणि चाळीस वर्षांच्या नोंदींतही तिचे जेमतेम पाचसहा बहर येतील. म्हणून चौकोनांचा नकाशा, स्क्रूंच्या जागांचे फोटो आणि एककांचे ते पहिले पान यांच्या प्रती आम्ही दोन वेगळ्या ठिकाणी ठेवतो आणि मोजणीला नेहमी एक नवा माणूस सोबत नेतो. हे तुमच्याकडून घेतले.

मनापासून आभार.

आपले,
सह्याद्रीच्या सड्यांवर फुले मोजणारे