'>' आधी काय करते, तेही शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या वाचनालयाच्या सभासदांची यादी मी लिनक्सवरच्या एका साध्या मजकूर फाइलमध्ये ठेवतो. गेल्या महिन्यात मदतीला आलेल्या, संगणक पदविकेच्या शेवटच्या वर्षातील एका विद्यार्थ्याने ती आडनावांप्रमाणे लावण्यासाठी सॉर्ट ही कमांड चालवली आणि आउटपुट '>' हे चिन्ह वापरून त्याच फाइलमध्ये वळवले. कमांड क्षणात संपली, पडद्यावर चुकीचा एकही संदेश आला नाही आणि शेकडो नावांची ती फाइल शून्य बाइटची झाली. आदल्या रविवारी काढलेली प्रत पेन ड्राइव्हवर होती म्हणून निभावले. मुलगा हुशार आहे आणि दोष त्याच्या माथी मारण्यासाठी मी हे लिहीत नाही.

मी विचारले तेव्हा त्याने व्याख्या धडाधड म्हणून दाखवल्या: '>' ने आउटपुट फाइलमध्ये जाते, '>>' ने ते फाइलच्या शेवटी जोडले जाते, '<' ने इनपुट फाइलमधून येते. तिन्ही उत्तरे बरोबर होती आणि परीक्षेत त्यांना पूर्ण गुण मिळाले असते. त्याला कोणी सांगितले नव्हते ते एवढेच, की ही चिन्हे सॉर्टपर्यंत पोहोचतच नाहीत. आपण टाइप केलेली ओळ आधी शेल, म्हणजे कमांडी वाचून चालवणारा प्रोग्रॅम, वाचतो, '>' दिसताच त्यापुढच्या नावाची फाइल लिहिण्यासाठी उघडतो, ती आधीपासून असेल तर तिच्यातला मजकूर तिथल्या तिथे पुसतो आणि हे सगळे उरकल्यावरच सॉर्टला कामाला लावतो. बिचारी सॉर्ट वाचायला जाते तेव्हा यादी रिकामी झालेली असते. ती रिकामी यादी अकारविल्हे लावून रिकामीच परत करते आणि तिच्या दृष्टीने त्यात काहीच चुकलेले नसते. खरे तर निकाल त्याच फाइलमध्ये हवा असेल तर सॉर्टला निकालाच्या फाइलचे नाव सांगण्याचा स्वतंत्र पर्याय आहे आणि तो वापरला तर सगळी यादी वाचून झाल्यावरच लिहिणे सुरू होते. बॅश शेलमध्ये 'नोक्लॉबर' ही सोय चालू ठेवली, तर मजकूर असलेल्या फाइलवर '>' वापरायला शेल सरळ नकार देतो. यांपैकी एकही गोष्ट त्या विद्यार्थ्याच्या जर्नलमध्ये नव्हती.

चुकांच्या संदेशांबाबतही हीच उणीव आहे. लिनक्स ज्या युनिक्स या जुन्या प्रणालीच्या धर्तीवर बनले, त्या युनिक्स पद्धतीत प्रत्येक प्रोग्रॅमला सुरू होतानाच सहसा तीन वाटा उघडून मिळतात: ० क्रमांकाची इनपुटची, १ क्रमांकाची आउटपुटची आणि २ क्रमांकाची चुकांची. नुसता '>' फक्त १ क्रमांकाची वाट वळवतो, त्यामुळे चुकांचे संदेश पडद्यावरच येत राहतात आणि विद्यार्थ्याला वाटते की आपली कमांड फसली. ही तिसरी वाट मुळात नव्हती. '<' आणि '>' ही चिन्हे १९७१ च्या पहिल्या युनिक्समध्ये होती आणि युनिक्स घडवणाऱ्यांपैकी डग मॅकइलरॉय यांच्या आग्रहामुळे केन थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये पाइप, म्हणजे एका कमांडचे आउटपुट थेट दुसरीला देण्याची सोय, आणला. तरीही चुका आणि आउटपुट तोवर एकाच वाटेने जात. युनिक्स जिथे जन्मले त्या अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत मजकूर फोटोटाइपसेटर या छपाईची अक्षरे जुळवणाऱ्या यंत्रावर पाठवला, की कधी कधी लेखाऐवजी चुकीचा संदेशच सुबक अक्षरांत जुळून बाहेर येई. वृत्तपत्राच्या कचेरीत या प्रकाराचे दुःख वेगळे समजावून सांगायला नको! अशा काही खेपा वाया गेल्यावर चुकांसाठी वेगळी वाट काढण्यात आली. हा किस्सा एकदा ऐकला, की २ हा आकडा पाठ करावा लागत नाही. दोन्ही वाटा एकाच फाइलमध्ये न्यायच्या असतील तर आधी १ ची वाट वळवावी आणि मग २ ला तिच्यामागे पाठवावे, कारण शेल ओळ डावीकडून उजवीकडे वाचतो; उलट क्रमाने लिहिले तर चुका पडद्यावरच राहतात.

'आता हे कोण वापरतो?' असे काही शिक्षक म्हणतात. सर्व्हरवर रात्री आपोआप चालणारी कामे आजही याच चिन्हांच्या भरवशावर नोंदी ठेवतात आणि १९८३ च्या एमएस-डॉस २.० पासून मायक्रोसॉफ्टच्या कमांड प्रॉम्प्टमध्येही हीच चिन्हे आहेत. मराठीत काम करणाऱ्यांनी तर आणखी जपायला हवे: विंडोजसोबत येणारा पॉवरशेल ५.१ हा शेल '>' ने फाइल यूटीएफ-१६ मध्ये, म्हणजे लिनक्सवरच्या नेहमीच्या यूटीएफ-८ पेक्षा वेगळ्या अक्षरसंकेतात, लिहितो, आणि तीच यादी लिनक्सवर नेऊन त्यात 'कुलकर्णी' शोधले तर डोळ्यांसमोर असलेले नाव ग्रेप या शोधणाऱ्या कमांडला सापडत नाही.

तंत्रनिकेतनांच्या अभ्यासक्रम मंडळांना माझी विनंती आहे, की या प्रकरणासाठी व्याख्यांचे दोन गुण कमी करून एक प्रात्यक्षिक वाढवावे. विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने दहा नावांची फाइल तयार करावी, ती सॉर्ट करून त्याच नावावर वळवावी, रिकामी झालेली फाइल पाहावी आणि असे का झाले ते जर्नलमध्ये स्वतःच्या शब्दांत लिहावे. या साऱ्याला पंधरा मिनिटे पुरतात.

आपला,
वाचनालयाचा एक कार्यकर्ता, वाई (जि. सातारा)