गोपनीयतेचा पेनड्राइव्ह स्वतःच्या हातानेच तयार करावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गिरणा-तापीच्या पात्रातील वाळूउपशाची माहिती वार्ताहराला कळवणारा गावकरी असो, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगराळ भागात वनहक्क दाव्यांची कागदपत्रे सांभाळणारा कार्यकर्ता असो, की सासरच्या जाचाबद्दल सल्ला शोधणारी एखादी भगिनी, आपले नाव व आपला शोध इतरांच्या हाती पडू नये ही त्यांची अपेक्षा रास्तच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने मान्य केले. हा अधिकार संगणकावर प्रत्यक्ष बजावायचा कसा, याची माहिती मात्र तालुक्याच्या गावी सहसा मिळत नाही, म्हणून हे पत्र.

‘टेल्स’ ही डेबियन लिनक्सवर आधारलेली, विनामूल्य आणि खुली कार्यप्रणाली (विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम) पेनड्राइव्हवरून चालते. ती लॅपटॉपच्या हार्ड डिस्कला हात न लावता केवळ रॅममध्ये काम करते, इंटरनेटची सगळी ये-जा टॉर, म्हणजे वाटेत अनेक संगणकांवरून फिरवून आपला पत्ता लपवणाऱ्या जाळ्यातून नेते आणि बंद केल्यावर त्या बैठकीतील काहीही मागे ठेवत नाही. त्यासाठी किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह, ६४ बिटचा प्रोसेसर आणि ३ जीबी रॅम लागते, त्यामुळे घरातला जुना विंडोज लॅपटॉपही बहुधा पुरतो. मोबाइलवर किंवा अॅपलच्या स्वतःच्या चिपच्या नव्या मॅकवर ती चालत नाही.

माझे आग्रहाचे सांगणे एवढेच आहे, की हा पेनड्राइव्ह दुकानातून किंवा अर्धवट ओळखीच्या माणसाकडून तयार करून घेऊ नये. ज्याने तो तयार केला त्याने आत काय घातले हे आपल्याला दिसत नाही, आणि मग सगळी गोपनीयता त्याच्या भरवशावर राहते. पूर्ण विश्वासातल्या माणसाच्या पेनड्राइव्हवरून प्रत काढण्याची सोय टेल्समध्येच आहे, परंतु असा माणूस नसेल तर स्वतः बसावे.

फाइल टेल्सच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावी. ती एक जीबीहून बरीच मोठी असते आणि सातपुड्याच्या पायथ्याशी नेटवर्क मधूनमधून जाते, तेव्हा ती अर्धवट उतरण्याची शक्यता असतेच. त्याहून गंभीर शक्यता म्हणजे कोणी वाटेत ती बदलणे. याकरिता त्याच पानावर उतरलेली फाइल निवडून तपासण्याची सोय दिलेली आहे. ही पायरी घाईत वगळली जाते, पण माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे. तपासणी नापास झाली तर फाइल पुसून पुन्हा उतरवावी.

विंडोजवर ‘रूफस’ नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने ही फाइल पेनड्राइव्हवर लिहिता येते. त्याच्या खिडकीत सर्वांत वर ‘डिव्हाइस’ असा रकाना असतो, तिथे नाव आणि आकार दोन्ही वाचूनच पुढे जावे, कारण निवडलेल्या पेनड्राइव्हवरील सर्व मजकूर पुसला जातो. लग्नाचे फोटो असलेली दुसरी डिस्क जोडलेली असेल तर आधी काढून ठेवावी. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्याने हे काम बॅटरी चार्ज असलेल्या लॅपटॉपवर करणे बरे. त्यानंतर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून रीस्टार्ट करावे आणि येणाऱ्या पर्यायांतून पेनड्राइव्ह निवडावा. तो पर्याय दिसला नाही, तर लॅपटॉप सुरू होताना एफ-१२ किंवा एस्केप दाबावे. कळ कंपनीनुसार बदलते.

कागदपत्रे जपून ठेवायची असल्यास त्याच पेनड्राइव्हवर कूटबद्ध (कुलूपबंद) कप्पा करता येतो. त्याचा सांकेतिक वाक्यांश (लांब पासवर्ड) विसरल्यास तो कोणालाही उघडून देता येत नाही, हे आधीच लक्षात घ्यावे.

टेल्सच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. आपण टॉर वापरतो आहोत हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला दिसू शकते. टेल्समध्ये बसूनही नेहमीच्या ई-मेल खात्यात प्रवेश केला, तर आपली ओळख आपणच दिलेली असते. नदीपात्राच्या छायाचित्रात वेळ आणि ठिकाण दडलेले असू शकते. ते पुसण्याचे साधन टेल्समध्ये आहे, पण ते आठवणीने वापरावे लागते. टॉरमधून आलेल्यांना अनेक संकेतस्थळे अडवतात, त्यामुळे बँकेचे व्यवहार आणि सरकारी अर्ज यांसाठी ही प्रणाली उपयोगाची नाही. ज्या संगणकाच्या कीबोर्डलाच कळा टिपणारे यंत्र बसवले आहे, तिथेही ती संरक्षण देऊ शकत नाही.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांनी आणि तालुक्यांच्या पत्रकार संघांनी याचे प्रात्यक्षिक आयोजित करावे, अशी विनंती आपल्या पत्रामार्फत करतो. तिथे तयार पेनड्राइव्ह वाटू नयेत. प्रत्येकाने आपली फाइल आपणच तपासावी आणि आपला पेनड्राइव्ह आपणच लिहावा, शिक्षकाने फक्त शेजारी उभे राहावे.

आपला नम्र,
एक संगणक शिक्षक,
चोपडा, जि. जळगाव