गायकाच्या रिकाम्या जागेबद्दल, दादा, तुमचे आभार

प्रिय दादा,

तुम्ही मिक्स केलेल्या, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज जुळवून दिलेल्या, आमच्या बँडच्या शेवटच्या अल्बमची रेकॉर्ड काल हातात आली. आम्ही चौघांनी आधी ती नुसती फिरवून फिरवून पाहिली, मग लावली. ऐकून झाल्यावर तुम्हाला फोन करणार होतो, पण फोनवर मला हे धड बोलता आलं नसतं, म्हणून लिहितोय. आणि सगळ्यांसमोर लिहितोय, कारण अल्बम ऐकून लोक कौतुक आमचं करतात आणि त्यातलं बरंचसं तुमच्या वाट्याचं असतं.

बँड थांबवायचं ठरलं तेव्हा तुम्ही 'का?' असं विचारलं नाहीत. 'किती ट्रॅक आहेत?' एवढंच विचारलंत. त्या दिवशी ते फार बरं वाटलं. 'का'चं उत्तर आम्हा चौघांचंही एक नव्हतं.

ट्रॅक सात होते, आणि त्यातल्या एकात एकट्या माझ्या गिटारचे एकावर एक रेकॉर्ड केलेले अकरा थर होते. शेवटचा अल्बम, आता काही राहून जायला नको, या धास्तीने मी सगळं ठासून भरलं होतं. तुम्ही तो ट्रॅक मध्ये कुठेही न थांबवता ऐकलात आणि म्हणालात, "यात गातंय कोण?"

मला प्रश्नच कळला नव्हता. आमच्याकडे कधी गायक नव्हताच. मग तुम्ही समजावलंत. गाणं असलं की कान आपोआप आवाजामागे जातो आणि वाद्यं त्याला वाट करून देतात. साधारण 1 ते 4 किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात बोलण्यातले उच्चार स्पष्ट होतात, आणि आपला कानही तिथेच सगळ्यात तिखट असतो. गायक नाही म्हणजे ती जागा मोकळी, असं धरून आम्ही सगळेच तिथे घुसलो होतो: दोन्ही गिटार, ड्रमच्या झांजा म्हणजे सिंबल, बास गिटारवरचा फझ, म्हणजे मुद्दाम फाटवलेला आवाजसुद्धा. तुम्ही अकरापैकी आठ थर बंद केलेत. मला राग आला होता, तुम्हाला तो दिसलाही असेल. मग उरलेल्यांतल्या एका गिटारचा आवाज तुम्ही बोटाने जेमतेम केसभर वर सरकवलात. शंभर वेळा ऐकलेली ती सुरावट, पण मी तेव्हा पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकली. ते आठ थर माझ्याकडे अजून आहेत. एकदाही लावून बघावेसे वाटले नाहीत.

निदान शेवटच्या अल्बमवर तरी एखादा पाहुणा गायक घेऊ, असं आमच्यातल्याच एकाने सुचवलं, तेव्हा तुम्ही अमेरिकन गिटारवादक लिंक रे यांच्या 1958 सालच्या 'रंबल' या नुसत्या वाद्यांच्या ट्रॅकची गोष्ट सांगितलीत. त्यात एकही शब्द नाही, तरी पोरं मारामाऱ्या करतील या भीतीने अमेरिकेतल्या काही रेडिओ स्टेशनांनी ते लावायचंच टाळलं. गायकाचा विषय तिथेच संपला.

पण मला खरे आभार मानायचे आहेत ते ट्रॅकच्या क्रमाबद्दल. शेवट दणक्यात व्हायचा, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात जोरकस ट्रॅक शेवटी, हे आमचं कधीचंच ठरलेलं होतं. तुम्ही एका कागदावर दोन वर्तुळं काढलीत, एकात एक. बारा इंची तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला 1.8 सेकंद लागतात. बाहेरच्या कडेला तेवढ्या वेळात सुईखालून सुमारे 92 सेंटिमीटर खाच सरकते, तर अगदी आतल्या फेऱ्यात जेमतेम 38. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी लांबीत बसवायचं. सिंबल आणि गिटारची धार तिथे फाटू लागते, आणि जितकं जोरात वाजवावं तितकं जास्त फाटतं. म्हणून मोठा ट्रॅक दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला घ्या आणि शेवट सगळ्यात शांत ट्रॅकने करा, असं तुमचं म्हणणं होतं.

ड्रमर खोलीतून उठून गेला. त्याचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. त्या ट्रॅकसाठी त्याने जीव ओतला होता. तुम्ही वाद घातला नाहीत. दुसऱ्या दिवशी नव्या क्रमाने सगळं एकसलग लावलंत आणि स्वतः बाहेर जाऊन बसलात. तुम्ही परत आलात तेव्हा तोच म्हणाला, "असंच ठेवा."

आता शेवटी तो शांत ट्रॅकच आहे. दोन गिटार, ब्रशने वाजवलेला स्नेअर ड्रम, आणि वाजवून झाल्यावर अँपची, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणाऱ्या यंत्राची, घरघर. ती कापा, असं मी म्हणालो होतो. तुम्ही तिला हातही लावला नाहीत. ती घरघर चालू असताना स्टूल करकरतं, कोणीतरी श्वास सोडतं, आणि मग अँप बंद केल्याचा खटका. आमच्या बँडचा शेवटचा आवाज तो खटका आहे. ठरवून आम्हाला याहून खरं काही सुचलं नसतं.

काल तो खटका वाजला आणि सुई रिकाम्या खाचेत फिरत राहिली. बराच वेळ कोणी उठलं नाही.

तुमची प्रत बाजूला काढून ठेवली आहे. वेष्टनाच्या आत आमची चार नावं आहेत, त्याच ओळीत, त्याच अक्षरांत पाचवं तुमचं. पोस्टाने पाठवणार नाही. चौघंही घेऊन येतोय.

तुमचा,
डावीकडचा गिटारवाला