आई-बाबा, मी नक्की काय शिकतेय ते एकदा नीट सांगते

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बाबांनी विचारलं की मॅनेजर होणं हे कॉलेजात शिकून कसं काय येतं, ते तर वर्षानुवर्षं काम करून येतं, आणि आई मागून म्हणाली की कॉम्प्युटर शिकायला गेली होतीस ना, मग आता हे मीटिंगा घ्यायचं काय शिकतेस. दोन्ही प्रश्न बरोबर आहेत पण फोनवर तेवढ्यात सांगून होण्यासारखं नव्हतं म्हणून लिहिते. जरा लांबेल. बाबा, तुम्ही आईला मोठ्याने वाचून दाखवा, तिला मोबाईलवरची अक्षरं बारीक दिसतात.

आधी आईचं. अगं कोडिंग सोडलेलं नाही. प्रोग्रॅमिंग, डेटाबेस, नेटवर्किंग, सिक्युरिटी सगळं आहेच आणि त्या सगळ्याचे पेपरही आहेत. त्याच्या जोडीला आता आयटी प्रोजेक्ट मॅनेजमेंट घेतलंय. म्हणजे एखादं सॉफ्टवेअर बनवायचं ठरलं की ते कोणासाठी, त्यात काय काय असणार आणि काय नसणार, वेळ किती, पैसा किती, कोण काय करणार, कुठे अडू शकतं हे आधी ठरवायचं आणि मग काम संपेपर्यंत बघत राहायचं की ठरवलेलं आणि प्रत्यक्षात चाललेलं यात फरक किती पडलाय. मीटिंगा असतात, पण स्क्रम नावाची जी पद्धत आम्ही वापरतो त्यात रोजची मीटिंग १५ मिनिटांच्या वर जाऊच द्यायची नाही असा नियमच आहे.

मला हा विषय का धरून ठेवावासा वाटतो ते सांगते. घर बांधताना भिंत किती उंच झाली ते रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतं, सॉफ्टवेअरचं काहीच दिसत नाही. मुलगा लॅपटॉपसमोर बसलाय, विचारलं की म्हणतो झालंय जवळजवळ, नव्वद टक्के झालंय. पुढच्या आठवड्यात विचारा, तेव्हाही नव्वद टक्केच. तो खोटं बोलत नसतो हे लक्षात घ्या, त्याला मनापासून तसंच वाटत असतं, कारण उरलेल्या दहा टक्क्यांत काय दडलंय ते त्यालाच अजून दिसलेलं नसतं. म्हणून आम्हाला शिकवतात की अर्धवट कामाचे अर्धे मार्क द्यायचेच नाहीत, लिहून झालं, तपासून झालं, दुसऱ्या कोणीतरी बघितलं, चालतंय, तरच झालं, नाहीतर शून्य. ऐकायला कडक वाटतं पण याने माणसावरचं ओझं कमी होतं असं माझं मत आहे, कारण मग कोणाला ‘जवळजवळ’ म्हणत वेळ मारून न्यावी लागत नाही.

बाबा, तुम्हाला वाटतं तसं हे काही नवीन फॅड नाही. १९६८ साली जर्मनीत गार्मिश इथे नाटोने एक परिषद भरवली होती, तिथे जमलेल्या लोकांची हीच काळजी होती की सॉफ्टवेअर वेळेत होत नाही, बजेटमध्ये बसत नाही आणि झालं तरी भरवशाचं नसतं. आधी सगळं लिहून काढायचं, मग डिझाइन, मग कोडिंग, मग टेस्टिंग अशी एकामागून एक पायऱ्या उतरायची जी पद्धत आहे, जिला वॉटरफॉल म्हणतात, तिचं चित्र १९७० मध्ये विन्स्टन रॉइस यांनी एका पेपरमध्ये काढलं होतं, आणि त्याच पेपरात त्यांनी बजावलं होतं की अशी सरळ एका दमात उतरायची पद्धत धोक्याची आहे, चुका शेवटी टेस्टिंगला कळतात आणि तेव्हा फार मागे जावं लागतं. लोकांनी चित्र तेवढं उचललं, इशारा तिथेच राहिला. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं. मग २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड नावाच्या ठिकाणी १७ जण जमले आणि त्यांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला, त्यात म्हटलंय की थोडं थोडं चालणारं सॉफ्टवेअर लवकर लवकर दाखवा, वापरणाऱ्याशी बोलत राहा, बदल आला तर घाबरू नका. आता बहुतेक कंपन्या याच्यातलं काही ना काही वापरतात, नीट वापरतात की नुसतं नाव घेतात तो वेगळा विषय आहे.

एक गोष्ट तुम्हाला सांगायचीच आहे. नासाने १९९८ च्या डिसेंबरात मंगळाकडे एक यान सोडलं होतं, मार्स क्लायमेट ऑर्बिटर, आणि १९९९ च्या सप्टेंबरात मंगळाजवळ पोचल्यावर ते कायमचं गेलं. कारण काय तर जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरमधून जे आकडे येत होते ते पाउंड या बळाच्या ब्रिटिश मापात होते आणि ते घेणारी टीम न्यूटन या मेट्रिक मापातले समजून वापरत होती. यान ठरल्यापेक्षा मंगळाच्या फार जवळून गेलं. सगळे हे एकक चुकल्याची गोष्ट म्हणून सांगतात, पण मला त्यातला दुसरा भाग जास्त लागला. आकडे नीट जुळत नाहीत अशी शंका नेव्हिगेशन बघणाऱ्यांपैकी काहींना आधीच आलेली होती, पण ती तोंडी आणि ईमेलवर राहिली, रीतसर नोंद होऊन जिथे पोचायला हवी तिथे पोचली नाही. म्हणजे माहिती होती! एवढी हुशार माणसं, एवढा पैसा, आणि एका माणसाला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्या माणसापर्यंत वेळेत गेली नाही. मी तेव्हाच ठरवलं की मला हेच काम करायचंय, वाईट बातमी लवकर वर पोचेल अशी सोय करायची, सांगणाऱ्याला भीती वाटणार नाही अशी टीम बांधायची.

आता बाबांचं. अनुभवाने येतं हे शंभर टक्के खरं आणि या क्षेत्रातले लोकही तेच मानतात. पीएमआय म्हणून प्रोजेक्ट मॅनेजमेंटवाल्यांची एक संस्था आहे, १९६९ पासूनची, तिचं पीएमपी नावाचं सर्टिफिकेट सगळीकडे चालतं, आणि ती परीक्षा द्यायची तर चार वर्षांची डिग्री असूनही ३६ महिने प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणजे मी उद्या डिग्री घेऊन बाहेर पडले की लगेच मॅनेजर होणार नाही, व्हायचंही नाही मला. आधी टेस्टिंगमध्ये किंवा डेव्हलपमेंटमध्ये काम करायचं, मग प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर, मग पुढे. ज्याने स्वतः कधी रात्री बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, शोधला नाही त्याने दुसऱ्याला ‘किती वेळ लागेल’ विचारू नये असं मला वाटतं.

पण कॉलेजात शिकून एक फायदा होतो, दुसऱ्यांनी पन्नास वर्षांत जे भोगून शिकलं ते आपल्याला आयतं मिळतं. फ्रेड ब्रुक्स म्हणून होते, आयबीएममध्ये १९६० च्या दशकात त्यांनी सिस्टीम ३६० या मोठ्या कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टीमचं काम सांभाळलं, आणि १९७५ मध्ये लिहून ठेवलं की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये आणखी माणसं घातली तर उशीर अजून वाढतो. बाबा, तुम्ही म्हणाल हे कसं शक्य आहे, दहा माणसं जास्त लावली की खड्डा लवकर खणून होतो. पण इथे प्रत्येक नव्या माणसाला जुन्याने शिकवावं लागतं, त्यात जुन्याचा वेळ जातो, आणि बोलणी वाढतात. सहा जणांची टीम असेल तर दोघादोघांच्या मिळून १५ जोड्या होतात, नऊ जण झाले की ३६. माणसं दीडपट, बोलणी दुपटीहून जास्त. हे अनुभवाने समजायला एक अख्खा प्रोजेक्ट बुडावा लागला असता, इथे तो हिशोब वहीत करून बघता आला.

तसंच वेळेच्या अंदाजाचं. माणूस स्वतःच्या कामाला लागणारा वेळ कमी धरतो, आधीचा अनुभव असूनही धरतो, यावर कानमन आणि ट्वेर्स्की या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये लिहिलंय. त्यामुळे आम्ही एक आकडा विचारतच नाही, तीन विचारतो, सगळं सुरळीत झालं तर किती दिवस, साधारण किती, आणि सगळं बिघडलं तर किती. समजा ४, ६ आणि १४ दिवस आले. मधल्याला चारने गुणायचं, तिन्हींची बेरीज करून सहाने भागायचं, म्हणजे ४ अधिक २४ अधिक १४, झाले ४२, भागिले ६, उत्तर ७ दिवस. अमेरिकन नेव्हीने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी १९५० च्या दशकाच्या शेवटी काढलेली ही रीत आहे, पर्ट म्हणतात. माझ्या मते उत्तरापेक्षा तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण ‘बिघडलं तर’ असं कोणी मुद्दाम विचारल्याशिवाय माणूस त्याच्याबद्दल बोलतच नाही.

या वर्षी आमचा सहा जणांचा ग्रुप एका छोट्या संस्थेसाठी अर्ज भरायची आणि त्यांची नोंद ठेवायची सिस्टीम बनवतोय, खरा क्लायंट, खरे वापरणारे लोक. सुरुवातीलाच आम्ही एक प्रकार केला, प्रीमॉर्टेम म्हणतात त्याला. सगळ्यांनी कल्पना करायची की प्रोजेक्ट पूर्ण फसलाय, आणि कशामुळे फसला ते प्रत्येकाने गपचूप कागदावर लिहायचं. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाची ही युक्ती. आमच्यातला एक मुलगा ग्रुपमध्ये कधीच बोलत नाही, त्याने लिहिलं की सर्व्हरचं काम फक्त एकीलाच येतं, ती परीक्षेच्या वेळी घरी गेली तर सगळं थांबेल. कोणाच्या डोक्यातही नव्हतं! त्याच आठवड्यापासून त्याला आणि आणखी एकाला ते काम शिकवायला घेतलं. ‘काही अडचण वाटते का’ असं विचारलं असतं ना, तर त्याने मान हलवून नाही म्हटलं असतं, मला खात्री आहे.

क्लायंटचे लोक चांगले आहेत, पण दर भेटीत म्हणतात की एवढं एक छोटंसं टाका ना. छोटंसंच असतं, पण अशा छोट्या छोट्यांनी मूळ काम मागे पडतं, स्कोप क्रीप म्हणतात याला आणि कितीतरी प्रोजेक्ट यानेच बुडतात. डेन्व्हरच्या विमानतळाचं बघा, बॅगा आपोआप नेणारी सिस्टीम पूर्ण विमानतळासाठी करायची हे इमारतीचं काम चालू झाल्यावर ठरवलं, वेळ पुरला नाही, मध्ये बदलही येत गेले, १९९३ मध्ये उघडायचा विमानतळ १९९५ च्या फेब्रुवारीत उघडला आणि ती सिस्टीम शेवटी २००५ मध्ये बंदच केली. तर आम्ही क्लायंटला नाही म्हणत नाही, आम्ही त्यांच्यासमोर यादी उघडतो आणि सांगतो की हे घेतलं तर चार दिवस जातील, मग यातलं कुठलं मागे ठेवू ते तुम्ही सांगा. भांडण होत नाही, बहुतेक वेळा ते स्वतःच म्हणतात की राहू दे, पुढच्या खेपेला बघू. हे करताना मला फार बरं वाटतं, माणसाला खरी परिस्थिती दाखवली की तो समजून घेतो यावर माझा विश्वास बसलाय.

नोकरीचं म्हणाल तर आता एआय कोड लिहून देतं, मीटिंगचे मुद्देही काढून देतं, त्यामुळे नुसते रिपोर्ट बनवणाऱ्यांची गरज कमी होईल असं मला वाटतं. पण गप्प बसलेल्या माणसाला बोलतं करायला आणि क्लायंटसमोर बसून कुठलं काम मागे ठेवायचं ते ठरवायला माणूसच लागेल, म्हणून मला याची चिंता नाही, तुम्हीही करू नका.

आणि आता एक मागणं आहे, त्याच्यासाठीच खरं तर एवढं सगळं लिहिलं. बाबांची शुगर वाढली, औषध बदललं, हे मला सगळं झाल्यावर कळलं, तेही आईच्या तोंडून चुकून निघालं म्हणून. आईचा गुडघा जिना चढताना किती दुखतो ते मला अजूनही नक्की माहीत नाही, विचारलं की ‘बरं आहे गं’. तुम्ही माझा अभ्यास बिघडू नये म्हणून लपवता हे मला कळतं, पण मला नंतर कळलं की मी जास्त घाबरते आणि तेव्हा हातात करण्यासारखं काही उरलेलं नसतं. लवकर कळलं तर मी डॉक्टरांशी बोलू शकते, येण्याचं ठरवू शकते, सबमिशनची तारीख आधीच बोलून पुढे घेऊ शकते. मी रडणार नाही, अभ्यास सोडून पळत येणार नाही, हे मी शब्द देऊन सांगते.

तर असं करूया, दर रविवारी फोनवर आधी तब्येतीचं बोलायचं आणि बाकीचं नंतर. बाबांनी शुगरचे आकडे वहीत लिहून त्याचा फोटो मला पाठवायचा, जास्त आला तरी पाठवायचा. आईने ‘बरं आहे’ हा शब्द वापरायचा नाही, किती पायऱ्यांनंतर दुखतं ते सांगायचं. मीपण माझं सगळं सांगेन, मार्क कमी आले तरी, पैसे संपत आले तरी. आणि बाबा, पुढच्या तपासणीला जाल तेव्हा जुने रिपोर्ट त्याच फाइलमध्ये घेऊन जा, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मी लिहून शनिवारी रात्री पाठवते, त्यात तुमच्या मनातलं काही राहिलं असेल तर मला आधी सांगा म्हणजे तेही घालते.

तुमची लेक