अंगणात आता पाणी साचत नाही

दहिसर, २२ फेब्रुवारी

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर बाबांना अर्धं ऐकू येत नाही आणि व्हिडिओ कॉलवर आई मला दादाच्या घरातला पंखा दाखवत बसते, म्हणून लिहूनच कळवते. अंगणाचं नवं काँक्रीट झालं. कालच त्यावरच्या सीलरचा, म्हणजे पाणी आणि डाग मुरू न देणाऱ्या लेपाचा, हात वाळला आणि मी अनवाणी चालून पाहिलं.

पैशांचं आधी सांगते, नाहीतर बाबा पुढचं वाचणारच नाहीत. तिघांकडून कोटेशन घेतली होती. सगळ्यांत स्वस्तवाल्याला मी दहा हजार आगाऊ देऊन बसले, तेही पावतीशिवाय. "ताई, विश्वास ठेवा," म्हणाला आणि मी ठेवला. मग कळलं की तो जुना कोबा फोडणारच नव्हता, त्याच्यावरच चार इंच काँक्रीटचा माल ओतणार होता. आपला उंबरा अंगणापासून सहा इंच. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, नदी गल्लीत आली होती आणि आपण गाद्या माळ्यावर चढवत होतो. त्या उंबऱ्याची दोन इंच उंची शिल्लक ठेवून मी तुम्हाला काय तोंड दाखवणार होते? त्याला नको म्हटलं. दहा हजार गेले असं समजा. ओरडायचं ते घरी आल्यावर ओरडा.

ज्याला काम दिलं त्याने टेप काढायच्या आधी बादली मागितली. दाराशी ओतली आणि उकिडवा बसून पाणी कुठे जातंय ते बघत राहिला. पाणी तुळशीपाशी येऊन थांबलं, म्हणजे बाबा ज्या जागी घसरले बरोबर तिथे. "शेवाळ इथेच धरत असणार," म्हणाला. मी त्याला बाबांच्या पडण्याचं काहीच सांगितलं नव्हतं. तरी लगेच हो म्हटलं नाही. दोन पावसाळे झालेलं त्याचं एक काम मुलुंडला जाऊन पाहिलं. नवं काम कोणाचंही चकाकतं, त्याचे फोटो काय बघायचे! मग सगळं कागदावर घेतलं: जुना कोबा फोडून डेब्रिज उचलणं, एम २५ प्रतीचा माल (ती काँक्रीटच्या ताकदीची खूण), जाडी चार इंच, फुटाला पाव इंच उतार, सीलरचे दोन हात. पैसे टप्प्याटप्प्याने, आणि दहा टक्के पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर. यावर तो जरा कुरकुरला, पण मानला.

१८ जानेवारीला माल ओतला. चारशे चौरस फुटांना जेमतेम पावणेचार घनमीटर, आणि तयार काँक्रीटची, रेडीमिक्सची गाडी आपल्या गल्लीत वळत नाही, म्हणून मिक्सर दारातच लावला. मी सुट्टी टाकून पाण्याच्या पाइपजवळ उभी राहिले. माल पातळ असला की घमेलं पटकन रिकामं होतं आणि पसरायला सोपं जातं, म्हणून पोरं हळूच पाणी वाढवतात. त्याने काँक्रीट कमजोर होतं. मिस्त्रीने रेतीही आधी जिभेवर ठेवून पाहिली, खारट नाही ना म्हणून.

वर रंगाची पावडर भुरभुरून थापीने घोटली. मग अंगठा दाबून दाबून बघत बसला. ठसा उमटला पण माल बोटाला चिकटला नाही, तेव्हा रबराचे साचे मांडून ठोकायला घेतले. आईला हवा होता तोच जुन्या कोब्याचा लाल, पण आता शहाबादी फरशीसारखा दिसतो. शेवग्याजवळच्या कोपऱ्यात मात्र अकराचं ऊन लवकर आलं, तिथला माल आधी आवळला आणि ठसा उथळ बसला. आई, तुझी नजर पहिली तिथेच जाणार हे मला माहीत आहे. तो दोष आहे, मी मिस्त्रीला बोलले आहे, पण तेवढ्यासाठी फोडायचं नाही.

मधे सरळ चिरा दिसतील त्या मुद्दाम कापल्यात, एक इंच खोल, आठ-आठ फुटांवर. काँक्रीट आकसताना तडकणारच. ते त्या रेघेत तडकावं, वाकडंतिकडं नको. बाबांनी त्यात सिमेंट भरू नये, कृपा करून.

ओलं गोणपाट टाकून पाणी मारत राहिलं तर त्याचे डाग रंगावर उमटतात, म्हणून त्याऐवजी मालातली ओल आत धरून ठेवणारं क्युरिंगचं द्रावण फवारलं. अठ्ठावीस दिवस थांबून मग सीलर मारला. ओल राहिली असती तर तो पांढरट पडला असता. घसरू नये म्हणून दुसऱ्या हातात बारीक कण मिसळलेत, पायाला किंचित खरखरीत लागतं.

आता आईसाठी. मोरीखालची ॲसिडची बाटली मी काढून टाकली आहे, शोधू नकोस. ॲसिड सिमेंट खातं, रंगही जातो. तारेचा ब्रशही नको. भांड्यांचा साबण पाण्यात घालून मऊ ब्रशने घासायचं, बास. जांभळं पडली की त्याच दिवशी झाडून टाकायची. पणतीखाली वाटी ठेव, तेल मुरलं की निघत नाही. आणि भुईनळे गल्लीत. दादाच्या पोरांना मी स्वतः सांगेन. बाबा, स्कूटरच्या स्टँडखाली लाकडाची फळी ठेवली आहे, ती उचलून आत नेऊ नका.

दोन-तीन वर्षांनी सीलर परत मारावा लागेल. चार थेंब टाकून बघायचं. पाणी मण्यासारखं उभं राहिलं तर ठीक, मुरून जागा काळपट झाली तर मिस्त्रीला फोन. तो जानेवारीतच बोलवायचा, मेअखेरीस नाही.

मी १ तारखेच्या गाडीने नाशिकला येते तुम्हाला न्यायला. तुळस अजून मागच्या दारी आहे. कुंडीखाली पाणी साचून डाग पडू नये म्हणून पायांचा स्टँड करून घ्यायचा आहे. पूर्वीच्याच जागी ठेवायची की दाराच्या समोर, ते आईने ठरवून कळवावं. लोहार शनिवारी माप घ्यायला येणार आहे.

तुमची,
मनू