जगाचा इतिहास सोलापुरात बसून लिहिता येतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नवी पदवी रचना लागू झाली. त्या वर्षी प्रथम वर्षाला बसलेल्या मुलामुलींपैकी जे चौथ्या वर्षाचा पर्याय घेतील, ते 2027-28 मध्ये त्या वर्गात पोहोचतील, आणि पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के वा त्याहून अधिक गुण असलेल्यांना संशोधनासह पदवी घेता येईल. विज्ञान शाखेत या संशोधनासाठी प्रयोगशाळा तरी आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने नेमके काय करायचे, कोणाच्या देखरेखीखाली करायचे आणि झालेले काम कोठे प्रसिद्ध करायचे, याविषयी आपल्या जिल्ह्यात फारशी चर्चा होताना दिसत नाही. मी अनेक वर्षे पदवीच्या वर्गांना इतिहास शिकवला असल्यामुळे या प्रश्नाच्या एका बाजूकडे, म्हणजे जागतिक इतिहासाकडे, आपल्या दैनिकाद्वारे लक्ष वेधू इच्छितो.

आपल्याकडे एक अलिखित वाटणी आहे. बी.ए.च्या विद्यार्थ्याने संशोधन करायचेच असेल, तर गावातील मंदिर, गढी, जत्रा किंवा तालुक्यातील स्वातंत्र्यसैनिक यांवर करावे. जगाचा इतिहास मात्र परीक्षेपुरता पाठ करावा. फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे, व्हर्सायच्या तहातील कलमे, शीतयुद्धाचे परिणाम हे सारे तो मार्गदर्शक पुस्तिकेतून उतरवून घेतो आणि पेपर झाला की विसरतो. परदेशी भाषा येत नाही, परदेशातील दप्तरखान्यांत जाण्याची ऐपत नाही, मग जागतिक इतिहासावर हा मुलगा नवे काय सांगणार, असे त्यामागचे म्हणणे असते. ते म्हणणे मला मान्य नाही. जगाच्या इतिहासाचे कितीतरी धागे या जिल्ह्यातून गेलेले आहेत आणि ते हाती धरण्यासाठी विसाव्या वर्षीचा चिकाटीचा विद्यार्थी पुरेसा आहे.

बार्शी लाइट रेल्वेचे उदाहरण घ्या. अडीच फूट रुंदीची ही लोहमार्गाची वाट 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत वाढली आणि 1954 मध्ये सरकारजमा झाली. आपल्या लेखी ती वारकऱ्यांची आणि कापसाच्या गठ्ठ्यांची संथ गाडी. त्यामुळे तिच्यावर लिहिले जाते ते बहुधा आठवणींच्या सुरात. पण तिचा अभियंता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप याने येथे जे तत्त्व वापरले, ते साऱ्या जगातील अरुंद लोहमार्गांच्या इतिहासात नोंदले गेले आहे. इंजिन असो की डबा, भार सर्व आसांवर सारखा वाटायचा आणि एका आसावर पाच टनांहून अधिक येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो, असे ते तत्त्व होते. बार्शीसाठी इंजिने लीड्सच्या किटसन कंपनीने बांधली. त्यानंतर काही वर्षांनी, 1904 मध्ये, इंग्लंडातील स्टॅफर्डशायर परगण्यात लीक आणि मॅनिफोल्ड या नावाची त्याच रुंदीची रेल्वे सुरू झाली. तिचा अभियंता हाच कॅल्थ्रॉप आणि इंजिने त्याच किटसन कंपनीची. तंत्रज्ञान विलायतेहून हिंदुस्थानात आले, असे आपण वर्गात एका वाक्यात शिकवून मोकळे होतो; येथे तर बार्शीच्या माळावर पारखलेली गोष्ट विलायतेत गेली. (हाच गृहस्थ पुढे वैमानिकांसाठी हवाई छत्र्या तयार करण्याच्या मागे लागला, हे विद्यार्थ्यांना सांगितले की वर्गातली पेंग उडते.) या विषयावर निबंध लिहायचा तर लंडनला जावे लागत नाही. कंपनीविषयीचे जुने अहवाल, अभियांत्रिकी नियतकालिकांतील लेख आणि लीक मार्गाविषयीचे इंग्लंडमधील हौशी अभ्यासकांचे लिखाण यांचा मोठा भाग संगणकावर वाचता येतो. आणि कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर येथील जुन्या रेल्वे कामगारांच्या घरांतील कागद व आठवणी मात्र फक्त येथेच मिळतात. इंग्लंडमधील अभ्यासकाला हा दुसरा भाग कधीच हाती लागणार नाही.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याबाबत तर मला खंत वाटते. 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर 1938 मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच जणांच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेला आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच मरण पावला. जयंतीला आणि पुण्यतिथीला महाविद्यालयांत निबंध स्पर्धा होतात आणि त्यांतील बहुतेक निबंध एकाच साच्यातील असतात, कारण त्यांत प्रश्न विचारलेला नसतो. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशातील एका पक्षाने दुसऱ्या देशाच्या युद्धात डॉक्टर का पाठवावेत? चिनी कम्युनिस्ट सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंना लिहिलेले मदतीचे पत्र, सुभाषचंद्र बोस यांचे त्या वर्षीचे काँग्रेसचे अध्यक्षपद आणि जपानी आक्रमणाविषयी भारतात उमटलेली प्रतिक्रिया यांचा एकमेकांशी संबंध कसा लावायचा? पथकाचे प्रमुख डॉ. अटल हे त्याआधी स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आले होते. ज्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे कोटणीस पुढे प्रमुख झाले, ते कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून हेही स्पेनमध्ये रणभूमीजवळ रक्त पोहोचवण्याची व्यवस्था उभारून मग चीनला गेले होते आणि नोव्हेंबर 1939 मध्ये तेथेच वारले. म्हणजे माद्रिदपासून उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखापर्यंत डॉक्टरांची एक वाट त्या काळात तयार झाली होती आणि सोलापूरचा एक तरुण तिच्यावरून चालत गेला. सोलापूरच्या विद्यार्थ्याने हे मांडले, तर त्यात कोटणिसांचा गौरव कमी होत नाही, उलट त्यांचे काम नीट समजते. चिनी भाषा येत नसल्यामुळे त्याच्या निबंधाला मर्यादा राहतील हे खरे आहे. त्या मर्यादा निबंधातच स्पष्ट लिहाव्यात. संशोधनाची पहिली शिस्त तीच आहे.

इतर विषय केवळ नोंदवून पुढे जातो. अमेरिकेतील यादवी युद्धाने 1861 ते 1865 या काळात इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला, मुंबई इलाख्यातील कापसाचे भाव भडकले आणि युद्ध संपताच कोसळले. सोलापूरपर्यंत आगगाडी 1860 मध्ये आलेली होती. या भरती-ओहोटीने बार्शीच्या बाजारपेठेचे काय केले आणि पुढे येथे उभ्या राहिलेल्या गिरण्यांशी तिचा काही संबंध लागतो का, हा पदवीच्या विद्यार्थ्याला पेलणारा प्रश्न आहे. जिल्ह्याचे 1884 चे गॅझेटियर महाजालावर विनामूल्य आहे. दुसरा विषय मे 1930 मध्ये सोलापुरात लागू झालेल्या मार्शल लॉचा, म्हणजे लष्करी अमलाचा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण त्या दिवसांत सोलापूरचे नाव ब्रिटिश पार्लमेंटच्या कामकाजात आणि ऑस्ट्रेलियातील वृत्तपत्रांतही उमटत होते, आणि हे दोन्ही साठे आज कोणालाही घरबसल्या चाळता येतात. शोध घेताना नाव ‘शोलापूर’ असे टाकावे लागते, एवढेच. त्या बातम्या आणि येथील कुटुंबांत सांगितल्या जाणाऱ्या हकीकती शेजारी ठेवून पाहिल्या, तर साम्राज्याच्या दूरच्या टोकाला एका गिरणगावाची बातमी कोणत्या रूपात पोहोचली, हे कळेल.

भाषेच्या बाबतीत तर आपल्या मुलांची बाजू भक्कम आहे. या शहरातील एकाच वर्गात घरी मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी मुले शेजारी-शेजारी बसतात. उर्दू वाचणाऱ्या मुलीला खिलाफत चळवळीच्या काळातील उर्दू लिखाण थेट वाचता येईल आणि मार्च 1924 मध्ये तुर्कस्तानने खिलाफतच रद्द केल्यावर येथील मंडळींनी ते कसे स्वीकारले, हे तपासता येईल. पद्मशाली घरातील मुलाला विणकरांच्या स्थलांतराच्या तेलुगू आठवणी टिपता येतील. मोठ्या शहरांतील अनेक संशोधकांना ही सोय नाही.

पदवीच्या वयात केलेले काम किरकोळच असते, हा समजही सोडावा. पुढे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स ऑक्सफर्डचा विद्यार्थी असताना 1909 च्या उन्हाळ्यात सीरियात पायी फिरून क्रुसेडकालीन किल्ले पाहून आला आणि त्यावरील प्रबंधावर त्याने पदवीचा प्रथम वर्ग मिळवला. तो प्रबंध त्याच्या मृत्यूनंतर 1936 मध्ये छापला गेला. जॉन केनेडी यांनी ब्रिटनच्या म्युनिक धोरणावर, म्हणजे हिटलरला सवलती देण्याच्या धोरणावर, हार्वर्डमध्ये लिहिलेला पदवीचा प्रबंध 1940 मध्ये पुस्तक म्हणून बाजारात आला. अर्थात, केनेडींचे वडील त्या वेळी लंडनमध्ये अमेरिकेचे राजदूत होते, आणि आपल्या मुलांचे वडील यंत्रमागावर किंवा शेतात असतात. ही दरी मी नाकारत नाही. म्हणूनच व्यक्तीच्या ऐपतीवर न सोडता संस्थेने व्यवस्था उभी करायला हवी. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेने 1969 मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनाचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला, तो असाच संस्थेने उभा केलेला होता.

आता प्रकाशनाविषयी, आणि येथे थोडे कठोर लिहावे लागेल. आज विद्यार्थ्याच्या हाती ‘संशोधन प्रकाशित झाले’ म्हणून जे पडते, ते पुष्कळदा पैसे भरून मिळवलेले प्रमाणपत्र असते. मोबाइलवर संदेश येतो, काही शे किंवा काही हजार रुपये भरले की ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिकात दोन दिवसांत लेख छापून येतो, आणि तो लेख कोणीही वाचलेला नसतो. ज्याच्या नावावर तो आहे त्यानेही नीट वाचलेला असतोच असे नाही. माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थिनीने लेखातील एक सनावळी चुकल्याचे कळवले, तेव्हा दुरुस्तीसाठी वेगळे शुल्क मागण्यात आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने सुरू केलेली दर्जेदार नियतकालिकांची ‘केअर’ यादीही 2025 मध्ये बंद झाली आणि बऱ्या-वाईटाची पारख आता संस्थांवर आली आहे. विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ संशोधन महोत्सवात मुले उत्साहाने भित्तिपत्रके घेऊन जातात, ते चांगलेच आहे. परंतु महोत्सव संपला की भित्तिपत्रक गुंडाळले जाते आणि पुढच्या वर्षीच्या मुलाला आधीच्या कामाचा पत्ता नसतो.

यासाठी आपल्या विद्यापीठाने पदवीच्या विद्यार्थ्यांच्या इतिहासलेखनाचे एक वार्षिक काढावे, अशी माझी सूचना आहे. त्यात आठ-दहा निबंध असले तरी पुरे. निबंध मराठीत असावेत. प्रत्येक निबंध दोन जाणकारांनी वाचावा, त्यांतील एक जिल्ह्याबाहेरील असावा, आणि त्यांचे आक्षेप लेखी स्वरूपात विद्यार्थ्याकडे यावेत. निबंध नाकारला गेला तरी ते आक्षेप त्याला मिळालेच पाहिजेत, कारण खरे शिक्षण तेथेच होते. शुल्क एक रुपयाही घेऊ नये. अंक छापून जिल्ह्यातील सर्व महाविद्यालयांच्या आणि सार्वजनिक वाचनालयांच्या कपाटांत जावा आणि महाजालावरही खुला राहावा. संपादनात विद्यार्थ्यांनाही घ्यावे. दुसऱ्याच्या तळटिपा तपासल्याशिवाय स्वतःच्या तळटिपांची लाज वाटू लागत नाही. आणि 75 टक्क्यांची अट या वार्षिकाला लावू नये. ती अट चौथ्या वर्षी संशोधनासह पदवी घेण्यासाठी आहे. दप्तराचा बासनात बांधलेला गठ्ठा सोडून बसायला जो मुलगा तयार असतो, त्याची गुणपत्रिका पुष्कळदा साधारणच असते, हे मी अनेकदा पाहिले आहे. द्वितीय वर्षापासून विषय निवडून कामाला लागलेला विद्यार्थी चौथ्या वर्षी गडबडणार नाही.

अध्यापकांची अडचणही खरी आहे. रिक्त जागा, तासिका तत्त्वावरील नेमणुका आणि प्रशासकीय कागदपत्रे यांतून एकेका विद्यार्थ्याला बसवून वाचून घेण्यास वेळ कोठून आणायचा, असे ते विचारतील. त्यावर एक उपाय म्हणजे शहरातील निवृत्त अध्यापकांची यादी करून प्रत्येकाकडे दोन-तीन विद्यार्थी सोपवणे. आम्हांपैकी अनेक जण हे काम मानधनाशिवाय करतील. निदान मी तरी तयार आहे.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती आहे. आपल्या कार्यालयातील जुन्या अंकांच्या फायली ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी आणि महाविद्यालयाचे पत्र आणणाऱ्या विद्यार्थ्यांना पाहू द्याव्यात. विसाव्या शतकातील जगातील घडामोडी सोलापूरच्या वाचकापर्यंत कोणत्या शब्दांत पोहोचल्या, हे ज्यांतून कळेल असे कागद जिल्ह्यात फार ठिकाणी उरलेले नाहीत. कोणती वर्षे उपलब्ध आहेत याची यादी आपण प्रसिद्ध केलीत, तर येत्या दिवाळीच्या सुट्टीतच काही मुले कामाला बसतील.

कळावे, लोभ असावा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त इतिहास अध्यापक, सोलापूर