कोळिणीचा प्रसंग मुलांना दाखवावा का?

वेलिंग्टन, न्यूझीलंड, रविवार

प्रिय ताई,
सा. न.

दिवाळीच्या सुटीत ओम आणि मुक्ताला ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा शेवटचा सिनेमा दाखवू का, त्यातली ती कोळीण, म्हणजे शेलॉब नावाची अजस्र मादी कोळी, फारच भयानक आहे का, असं तू विचारलंस. दाखव. पण शेलॉबचा प्रसंग आधी एकटीने बघून घे, कारण आपण ज्या ठिकाणी मुलांचे डोळे झाकायला जातो तिथे खरी भीती नाहीये.

ओमने पुस्तक वाचलंय, म्हणून एक आधीच सांगून ठेव. मूळ लेखक टॉल्किनने शेलॉब दुसऱ्या खंडाच्या (1954) अगदी शेवटी आणली. दिग्दर्शक पीटर जॅक्सनने ती उचलून तिसऱ्या सिनेमात (2003) टाकली. नाहीतर ओम दुसऱ्या सिनेमाच्या शेवटापर्यंत तिची वाट बघत बसेल आणि मग रुसेल. माझ्या मते हे बरोबरच केलं. कथेच्या काळात हे सगळं मिनास तिरिथ शहराच्या वेढ्याच्याच सुमारास घडतं, आणि तो वेढा तिसऱ्या सिनेमात आहे. शिवाय दुसऱ्या सिनेमात हेल्म्स डीपच्या लढाईपाठोपाठ ही झटापट आली असती, तर दोन्ही फिक्या पडल्या असत्या.

मला पटलं नाही ते दुसरंच. पुस्तकात कथेचा नायक फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम शेलॉबच्या बोगद्यात बरोबर जातात. सिनेमात त्यांचा कपटी वाटाड्या गॉलम पावाच्या चुऱ्यावरून भांडण लावतो, फ्रोडो सॅमला घरी पाठवतो आणि गॉलमच्या मागून आत शिरतो; मग गॉलमही निसटतो आणि तो एकटा पडतो. इतका जिवाभावाचा सोबती एवढ्याशावरून हाकलला जातो? त्यामागचा हिशोब मात्र कळतो. बोगद्यात माणूस एकटा असला की बोलायला कोणी नाही आणि बघणाऱ्यालाही आधार नाही.

बोगद्यात दिग्दर्शक कोळीण लगेच दाखवत नाही. आधी फ्रोडोच्या हाताला काहीतरी चिकट लागतं. ते काय आहे, हे गॉलम धड सांगत नाही. मग पायाखाली हाडं, वर जाळ्यात अडकलेले सांगाडे. आपण अंदाज बांधत राहतो, आणि ती समोर येईपर्यंत अर्धं काम आपल्याच डोक्याने केलेलं असतं.

तिचं रूप इथल्याच एका कोळ्यावरून घेतलंय. टनेलवेब म्हणतात त्याला. वेलिंग्टनच्या बागांत लाकडाच्या ओंडक्याखाली, दगडाखाली नळीसारखं जाळं करून राहतो. जॅक्सनला स्वतःला कोळ्यांची धास्ती, म्हणून त्याला जे बघवत नाही तेच पडद्यावर आलंय. पडद्यावरची कोळीण जवळजवळ सगळी संगणकातली, इथल्याच मिरामार उपनगरातल्या स्टुडिओत केलेली. तिचे पाय नीट बघ. आठही एकदम हलत नाहीत. एखादा पुढे येतो, भिंत चाचपतो, मग टेकतो, आणि मागचं जड पोट जरा उशिराने ओढल्यासारखं येतं. वजन दिसतं ते यामुळे. बऱ्याच सिनेमांतले राक्षस कागदी वाटतात ते पाय टेकताना वजन न दिसल्यामुळेच.

एक गोष्ट शास्त्राला सोडून आहे, ओम विचारेलच. शेलॉबच्या पोटाच्या टोकाला नांगी आहे. खऱ्या कोळ्याला तिथे सूत काढायचे अवयव असतात, विष तोंडाजवळच्या सुळ्यांत असतं. नांगी गांधीलमाशीची किंवा विंचवाची. पण सुळ्यांनी चावायचं तर तिला तोंड फ्रोडोजवळ न्यावं लागलं असतं, आणि मग पुढचा प्रसंग जमला नसता.

तो पुढचा प्रसंग असा. फ्रोडो बोगद्यातून बाहेर पडतो. उजेड दिसतो, आपण सुटलो असं वाटतं. संगीत थांबतं. तो खडकांमधून चालतोय आणि वरच्या कपारीतून ती आवाज न करता उतरतेय. आपल्याला दिसतं, त्याला नाही. किंचाळी नाही, दचकवायला एकदम वाजणारा ढोल नाही. मग नांगी वळून येते, फ्रोडोच्या तोंडाला फेस येतो आणि ती पायांनी त्याला गरगर फिरवून सुतात गुंडाळते. सगळ्यात भीतीदायक मिनिट हेच, आणि ते शांत आहे. म्हणून टीव्हीचा आवाज कमी करून इथे काही उपयोग नाही. खोलीतला दिवा लावून ठेव आणि मुक्ताला मांडीवर घे.

त्यानंतर सॅम येतो. तलवार, एल्फ राणीने दिलेली उजेडाची कुपी, गडगडाट. मुलं इथे घाबरत नाहीत, सॅमच्या बाजूने ओरडतात. आवाज कमी करायचाच तर इथे कर, किंकाळ्या फार कर्कश आहेत. तिला मोठी जखम होते ती पुस्तकातल्यासारखीच: ती सॅमला चिरडायला अंग खाली आणते, तो तलवार वर धरतो, आणि तिचंच वजन तिला नडतं. हे छान जपलंय.

मुक्ताने पुस्तक वाचलेलं नाही, तेव्हा फ्रोडो मेलेला नाही हे तिला प्रसंग सुरू व्हायच्या आधीच सांग. तो विषाने नुसता निपचित पडलाय. सॅमलाही ते ओर्कांच्या, म्हणजे शत्रूच्या राक्षसी सैनिकांच्या, बोलण्यातून थोड्या वेळाने कळतं, आणि तेवढा वेळ लहान मुलांना फार लांब वाटतो. डिस्कवरची वाढवलेली आवृत्ती चार तासांहून जास्त आहे. मुलांसाठी थिएटरातली, सव्वातीन तासांहून थोडी मोठी, तीच आण. जेवणं आधी उरकून घ्या, गुंडाळलेला फ्रोडो बघून शेवया कोणी खाणार नाही.

आईबाबांना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझा,
बंडू